रंगाच्या दुकानातील काकांचे आभार

आगाऊ रक्कम घेतलेला रंगारी काम अर्ध्यावर टाकून निघून गेला, तेव्हा आईच्या खोलीतील भिंतीला पोपडे सुटले होते आणि आमच्या हाताशी पैसे बेताचेच उरले होते. पुट्टी आणायला गेलो असता दुकानातील वयस्क कर्मचाऱ्यांनी ती विकण्याऐवजी संध्याकाळी घरी येऊन भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या आतल्या बाजूस जमलेले थेंब दाखवून ओल भिंतीतूनच येत असल्याचे पटवून दिले. पलीकडच्या न्हाणीघरात गुडघ्यांवर बसून त्यांनी फरशीचे उघडे सांधे स्वतः भरले. भिंत पूर्ण वाळेपर्यंत पुट्टी लावू नका, असे बजावले. मजुरी घेतली नाही, आईच्या आग्रहाखातर चहा तेवढा घेतला. काका, आपले मनःपूर्वक आभार.