लाईट संपली, पण लघवीच्या पिशवीचं काय?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रेडिएशनमुळे लघवीच्या पिशवीला होणारी इजा रक्ततपासणीत आधीच कळणार, अशी बातमी आपल्या आरोग्य पुरवणीत आली आणि लगेच आमच्या लॅबमध्ये लोक विचारायला लागले, ही टेस्ट तुमच्याकडे होते का, केवढ्याला. मी मिरजेत लॅब टेक्निशियन आहे. नाही होत, आणि अजून रुटीनला कुठेच होत नाही, एवढं एक वाक्य बातमीत हवं होतं.

विषय मात्र महत्त्वाचाच आहे. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरला साधारण 5 आठवडे बाहेरून लाईट (म्हणजे रेडिएशन) देतात, मग आतून ब्रॅकीथेरपी, म्हणजे गाठीजवळच ठेवून दिलेलं रेडिएशन, आणि लघवीची पिशवी अगदी शेजारीच, तिला वाचवून वाचवून किती वाचवणार. लाईट चालू असताना जळजळ होते, सारखं लघवीला जावं लागतं, ते बहुतेकींचं काही आठवड्यांत थांबतं. खरा त्रास नंतरचा, सहा महिन्यांनी किंवा कधी पाच-दहा वर्षांनीसुद्धा. बारीक रक्तवाहिन्या आतून बुजत जातात, भिंतीला रक्त पुरत नाही, पिशवी कडक आणि लहान होते, आणि मग जागोजागी नाजूक वाहिन्या फुटून लघवी लाल. तोवर फॉलोअप कधीच सुटलेला असतो. गावात इन्फेक्शन समजून गोळ्या देतात, लघवीत जंतू आहेत का बघायची कल्चर टेस्ट कोणी करत नाही, आणि घरचे म्हणतात कॅन्सर उलटला.

म्हणून आधी कळलं तर फायदाच आहे. पण रक्तात नेमकं शोधायचं काय? टीजीएफ-बीटा नावाचं प्रोटीन बघतात, ते फायब्रोसिसशी, म्हणजे अवयव आतून कडक होण्याशी, जोडलेलं आहे, पण ते प्लेटलेटमध्येही भरपूर असतं, ट्यूबमध्ये रक्त गोठलं की आकडा आपोआप वर! नमुना कसा घेतला, किती वेळ ठेवला यावर रिपोर्ट बदलणार, आणि वाढलेलं निघालं तरी ते पिशवीमुळे की आतड्यामुळे हे त्यातून कळत नाही. फ्रान्समध्ये मॉन्पेलियेच्या डॉक्टरांनी वेगळीच युक्ती काढली, उपचाराआधी थोडं रक्त घेऊन लॅबमध्येच त्याला रेडिएशन द्यायचं आणि किती लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मरतात ते मोजायचं, जास्त मेल्या तर उशिराचा त्रास कमी. ऐकायला उलटं वाटतं, पण निष्कर्ष तोच आहे. मात्र ते काम जास्त करून स्तनाच्या कॅन्सरवर झालंय. मला स्वतःला मेलेल्या पेशींचा डीएनए रक्तात शोधायची पद्धत जास्त पटते, कारण त्यावरच्या मिथाइल नावाच्या रासायनिक खुणांवरून तो कुठल्या अवयवाचा ते सांगता येतं.

आता माझा खरा मुद्दा. रेडिएशनचा त्रास कोणाला होईल हे आधी ओळखण्यासाठी युरोप-अमेरिकेत रिक्वाइट नावाचा अभ्यास झाला, 4 हजारांवर पेशंट, त्यात स्तन, प्रोस्टेट आणि फुफ्फुसाचे कॅन्सर घेतले होते, गर्भाशयमुखाचा नव्हता. म्हणजे पिशवीचा हिशोब पुरुषांच्या प्रोस्टेटवरून, आणि आपल्याकडे रांगेत उभ्या बायका! त्यांना ब्रॅकीथेरपीचा डोस वेगळा, वय वेगळं, शिवाय कितीतरी जणींना ॲनिमिया. मुंबईच्या टाटा मेमोरियलने ऑपरेशननंतर लाईट घेतलेल्या बायकांवर अभ्यास करून 2021 साली दाखवून दिलं की स्कॅनने जागा बघून नेमकी तिथेच लाईट दिली तर 3 वर्षांत आतड्याचा उशिराचा त्रास 42 टक्क्यांवरून 21 टक्क्यांवर येतो. एवढा फॉलोअप इथे जमतो, तर लाईटच्या आधी आणि नंतर दोन-दोन ट्यूब रक्त घेऊन ते पुढे तपासायला फ्रीझरमध्ये ठेवायलाही जमेल, आणि त्यासाठी सरकारने पैसे द्यायला हवेत.

टेस्ट येईल तेव्हा येईल. तोपर्यंत डिस्चार्जच्या वेळी प्रत्येकीला मराठीत एक कार्ड द्या, त्यावर लाईट कुठे दिली, पिशवीला किती डोस गेला, आणि खाली ठळक अक्षरात, की लघवी लाल झाली तर किती का वर्षं झालेली असेनात, आधी हे कार्ड डॉक्टरला दाखवा, कल्चर करा आणि युरॉलॉजिस्टकडे जा.

— एक लॅब टेक्निशियन, मिरज