केटामाइनबद्दल, वहिनींसाठी

प्रिय मन्या,

परवा रात्री वहिनींबद्दल बोलता बोलता तू मधेच गप्प झालास ना, तेव्हापासून तेच डोक्यात आहे. डिप्रेशनच्या दोन वेगवेगळ्या गोळ्या पूर्ण डोसमध्ये घेऊन झाल्या, फरक शून्य, आणि आता डॉक्टर केटामाइन म्हणतायत. तू विचारलंस, अरे ते तर तुझं भुलीचं औषध ना? हो रे, तेच. फोनवर धड सांगता आलं नाही म्हणून लिहितोय.

आमच्याकडे ते कुलपात असतं, 2013 पासून शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. भाजलेल्या पेशंटचं ड्रेसिंग करताना देतो. मिनिटभरात डोळे उघडे तसेच राहतात, बुबुळं हळूहळू इकडून तिकडे सरकतात, श्वास नीट चालू, पण माणूस तिथे नसतोच. वहिनींना एवढं नाही देणार. भुलीला आम्ही वजनाच्या किलोला एक-दोन मिलिग्रॅम झटक्यात देतो, डिप्रेशनला किलोला अर्धा, तोही 40 मिनिटांत सावकाश सलाइनमधून. हा डोस अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या लोकांनी वापरला, 2000 साली त्यांचा पेपर आला, सातच पेशंट होते पण तीन दिवसांत फरक दिसला, जिथे नेहमीच्या गोळ्यांना आठवडे लागतात.

मला यातलं सगळ्यात नवल कशाचं वाटतं सांगू? दोन-तीन तासांत रक्तातलं औषध निम्म्यावर येतं, आणि मन हलकं होतं ते बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी. म्हणजे काम औषध गेल्यावर चालू असतं. केटामाइन मेंदूच्या पेशींवरचे एनएमडीए रिसेप्टर, म्हणजे ग्लुटामेट नावाच्या रसायनाचा निरोप घेणारी दारं, बंद करतं, आणि मुख्य समजूत अशी की आधी ब्रेक लावणाऱ्या पेशींवरचे, मग ब्रेक सैल होतो, पेशींना चेतवणारं ते ग्लुटामेट उसळतं, त्यातून बीडीएनएफ नावाचं प्रोटीन सुटतं आणि पेशींना नवे जोड फुटतात. ताण देऊन देऊन ज्या उंदरांचे हे जोड झडले होते त्यांच्यात एका दिवसात परत आलेले दिसलेत, छाटलेल्या शेवग्याला धुमारे फुटावेत तसे. पण गोष्ट एवढी सरळ नाही, 2018 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात आधी नॅलट्रेक्सोन, म्हणजे अफूच्या जातीच्या (ओपिऑइड) औषधांचा परिणाम अडवणारं औषध, देऊन बघितलं तर गुण बराच कमी झाला, म्हणजे मेंदूतल्या ओपिऑइड यंत्रणेचाही काहीतरी संबंध असावा.

आता नीट ऐक. एका डोसचा गुण साधारण आठवडाभर टिकतो, मग ओसरतो. म्हणून आठवड्यातून दोनदा असं काही आठवडे देतात. वहिनी दुसऱ्या दिवशी हसल्या म्हणून गोळ्या बंद करू नका, आणि आठवड्याने परत गप्प झाल्या तर सगळं संपलं असंही समजू नका. शॉकला (भूल देऊन मेंदूला विजेचा झटका देण्याच्या उपचाराला) त्या घाबरतात म्हणालास, तर 2023 च्या एका मोठ्या अमेरिकन ट्रायलमध्ये, भास-भ्रम नसलेल्या डिप्रेशनमध्ये, केटामाइनने 55 टक्के सुधारले, शॉकने 41.

बीपी वाढतं, त्यामुळे मॉनिटर असेल तिथेच घ्या. थोडा वेळ शरीर आपलं नाही असं वाटेल, ते त्यांना आधीच सांगून ठेव, हात धरून बस, फार बोलू नकोस. पहिल्या दिवशी मी सुट्टी टाकतोय, गाडी मी आणतो, बाइकवरून नेऊ नकोस.

तुझाच,
बंड्या