व्हिडिओ कॅसेटी डीव्हीडीवर घेताना

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

लग्न-मुंजीच्या, चवथीच्या माटोळीच्या (गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या मांडवीच्या), जत्रेतल्या दशावतारी काल्याच्या (लोकनाट्याच्या) आणि देवळापुढे रात्रभर रंगलेल्या उत्सवी नाटकांच्या व्हीएचएस कॅसेटी गोव्यातल्या घरोघरी अजून कपाटांत पडून आहेत. या कॅसेटी वाजवणारे यंत्र, म्हणजे व्हीसीआर, बनवणारी शेवटची कंपनी फुनाई. तिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. पुष्कळजण कॅसेट दुकानात देतात आणि तीन तासांचे चित्रण एकाच डिस्कमध्ये कोंबून परत घेतात. चेहरे चौकटी-चौकटीचे दिसले की दोष कॅसेटच्या वयाला दिला जातो. तो बहुतेक वेळा कॅसेटचा नसतो. घरच्या कॉम्प्युटरवर हे काम कितीतरी चांगले होते. मात्र दर्जा ठरतो तो कॅसेट वाजवताना आणि कॅप्चर करताना, म्हणजे चित्रण कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेताना. तिथे गेलेले पुढे कुठल्याच सॉफ्टवेअरने परत येत नाही.

आपल्याकडे पहिला शत्रू बुरशी. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडे तिरप्या उजेडात पाहा. कडेवर पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती कॅसेट चांगल्या व्हीसीआरमध्ये मुळीच घालू नका. बुरशी हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) चिकटते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. व्हीएचएसमध्ये आवाजाचा साधा ट्रॅक टेपच्या वरच्या कडेला आणि ट्रॅकिंगचा (हेड टेपवरच्या रेघांशी जुळवून ठेवण्याचा) कंट्रोल ट्रॅक खालच्या कडेला असतो. बुरशी कडेपासून आत शिरते, म्हणून आधी आवाज बसतो किंवा चित्र सारखे सरकते. अशी कॅसेट सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात काही दिवस ठेवून पूर्ण कोरडी करा. ओली बुरशी पुसली तर टेपभर पसरते. मग खालचे पाच स्क्रू काढून कवच उघडा आणि घराबाहेर, नाकाला मास्क लावून, मऊ ब्रशने कडा झाडा. त्यानंतर फक्त गुंडाळण्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या जुन्या व्हीसीआरवर ती एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवा. हे काम पावसाळ्यात काढू नका. दिवाळीनंतरची कोरडी हवा त्याला योग्य. एसीच्या खोलीतून आणलेली कॅसेट लगेच लावू नये, तिच्यावर दव धरते आणि टेप ड्रमला, म्हणजे हेड बसवलेल्या फिरत्या गोल भागाला, चिकटते.

हेड साफ करायला कापसाची काडी वापरू नका, तिचे तंतू हेडमध्ये अडकतात. ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला, धागे न सुटणारा तुकडा ड्रमला हलका टेकवून स्थिर धरा आणि ड्रम वरून हाताने फिरवा. तुकडा वर-खाली घासला तर हेड तुटते. मग प्रत्येक कॅसेटला ट्रॅकिंग नव्याने जुळवा.

आता कॅप्चर. व्हीसीआरला एस-व्हिडिओ (उजेड आणि रंग वेगवेगळे पाठवणारी जोडणी) असेल तर तीच वायर घ्या, नसेल तर पिवळी पिन. आवाजही त्याच कॅप्चर यंत्रातून घ्या. चित्र एका यंत्रातून आणि आवाज साउंड कार्डातून घेतला की दोघांची घड्याळे वेगळी चालतात आणि तासाभरात बोलणे ओठांच्या मागे पडते. यूएसबीचे यंत्र हबवर नको, थेट मागच्या पोर्टला जोडा. व्हर्च्युअलडब या कॅप्चरच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, दर्जा न घटवता फाइल दाबणारा हफवाययूव्ही किंवा लॅगरिथ कोडेक, आवाज ४८ किलोहर्ट्झ. तासाला ३० जीबीच्या आसपास जागा लागते, म्हणून एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली वेगळी हार्ड डिस्क ठेवा. एफएटी३२ या जुन्या फॉरमॅटवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट कॅप्चरआधीच हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेड-अंधाराचा आलेख) पाहून लावा. मंडपातल्या हॅलोजनखाली पांढरे धोतर जळून एकसारखे पांढरे झाले की त्याच्या चुण्या परत मिळत नाहीत.

फ्रेम गळू लागल्या की लोक कॉम्प्युटरला नावे ठेवतात. कारण बहुधा टेपचा डगमगता सिग्नल असतो. त्याला टाइम बेस करेक्टर, म्हणजे सिग्नलच्या ओळी वेळेवर आणणारे यंत्र, लागतो. तो महाग पडत असेल तर पॅनासॉनिकच्या ईएस१० किंवा ईएस१५ या जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरमधून सिग्नल नुसता पार करून घ्यावा, वाकड्या ओळी बऱ्याच सरळ होतात. दुबई-मस्कतहून आलेल्या कॅसेटी सहसा आपल्यासारख्या पाल या टीव्ही पद्धतीच्याच असतात. अमेरिकेतल्या एनटीएससी या वेगळ्या पद्धतीच्या, त्यांना तसा व्हीसीआर हवा. आणि वीज! व्हीसीआर व कॉम्प्युटर दोन्ही यूपीएसवर हवेत, कारण मधेच वीज गेली की अर्धवट एव्हीआय फाइल सहसा उघडत नाही.

व्हीएचएसची प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांची, म्हणजे फील्डची, असते. डीव्हीडीसाठी ती एकत्र करू नका (डीइंटरलेस करू नका). चित्र सेकंदाला ५० फील्डचेच राहू द्या, टीव्हीवर हालचाल सलग दिसते. फील्डचा क्रम मात्र नीट सांगा: कॅप्चर कार्डाचे चित्रण सहसा वरचे फील्ड आधी, डीव्ही कॅमेऱ्याचे खालचे आधी. चुकला की चालणारा माणूस थरथरत जातो. प्रमाण ४:३ ठेवा. तळाशी दिसणारी हेड-बदलाची फाटकी पट्टी कापून चित्र ताणू नका, तिच्यावर काळी पट्टी चढवा. डीव्हीडीच्या एमपीईजी-२ या स्वरूपात बदलताना (एन्कोड करताना) चित्रण दोनदा तपासू द्या (दोन पास) आणि बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती माहिती, असा द्या: एका तासाच्या चित्रणाला ८ मेगाबिट, दीड तासाला ६, दोन तासांना ४.५. तीन तास एका डिस्कवर हवेच असतील तर ३ मेगाबिट आणि चित्र ३५२ × ५७६. व्हीएचएसची आडवी स्पष्टता मुळात २४० ओळींची असल्याने यात फारसे हरवत नाही. ७२० रुंदीला तेवढाच बिटरेट दिला की चौकटी उमटतात. आवाज एसी-३ या डीव्हीडीच्या स्वरूपात, १९२ किलोबिट.

नाटक आणि काल्याच्या चित्रणात एक खास अडचण येते. मागचा काळा पडदा व्हीएचएसवर कधीच शांत नसतो, त्यात रंगीत मुंग्या वळवळतात. एन्कोड करणारे सॉफ्टवेअर सगळे बिट त्या मुंग्यांवर उधळते आणि नटाच्या चेहऱ्याला काही उरत नाही. एन्कोड करण्याआधी मागच्या-पुढच्या फ्रेमशी तुलना करून मुंग्या पुसणारा हलका नॉइज फिल्टर लावा. जास्त लावलात तर राक्षसाच्या तलवारीमागे सावली ओढली जाते.

मेनू डीव्हीडीस्टायलर या सॉफ्टवेअरमध्ये करा, डिस्क इमगबर्न या सॉफ्टवेअरने ४ ते ८ पट वेगाने लिहा आणि व्हेरिफाय (लिहिलेले पुन्हा तपासणे) चालू ठेवा. ४.७ जीबीपैकी ४.३ च्या वर जाऊ नका, बाहेरच्या कडेवर वाचनाचे दोष अधिक येतात. चिकट लेबल लावू नका. नाव डिस्कच्या पारदर्शक मधल्या कड्यावर पाण्याच्या शाईने लिहा. डीव्हीडी पाहण्यासाठी, मूळ कॅप्चर मात्र दोन हार्ड डिस्कवर ठेवा.

शेवटी एक विनंती. कला अकादमीच्या स्पर्धांत उतरलेल्या नाट्यमंडळांकडे आणि देवस्थानांकडे अशा कॅसेटी आहेत. पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाने एक दुरुस्त एस-व्हीएचएस (वरच्या दर्जाचा) व्हीसीआर, टाइम बेस करेक्टर आणि कॅप्चरचा संगणक लोकांना वेळ ठरवून वापरायला द्यावा. यंत्राची देखभाल करणारे तंत्रज्ञ आता थोडे राहिले आहेत, म्हणून हे येत्या पावसाळ्याआधी व्हावे.

आपला,
एक वाचक, फोंडा