केरीच्या काकांना, मनापासून

काका, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवील, असं तिनं मला कबूल केलं आहे. तोंडावर आभार मानायला गेले की तुम्ही विषय बदलता, पैशांचं नाव काढलं तेव्हा तर रागावलात. म्हणून चार माणसांसमोर लिहिते आहे.

मी गोव्यातल्या डिचोलीची. पोहायला शिकले ती वाळवंटी नदीत. समुद्र म्हणजे आमच्यासाठी सुट्टीच्या दिवशी लांबून बघायची गोष्ट. गेल्या हिवाळ्यात कयाक घेतली, मांडवीत चोडणच्या कांदळवनात दोन महिने वल्हवली आणि वाटलं, आता जमतं. माघ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी तीनला, केरीच्या फेरीबोटीच्या धक्क्याजवळून मी एकटी तेरेखोल नदीत उतरले. लाइफ जॅकेट अंगात होतं, तेवढंच काय ते शहाणपण.

पहिली दहा मिनिटं फार सुंदर गेली. वल्हं न मारताच कयाक पळत होती. मग तेरेखोलच्या किल्ल्याखालून नदीचं मुख आलं आणि पुढचं पाणी वेगळंच दिसायला लागलं. लाटा पुढे सरकतच नव्हत्या, जागच्या जागी उभ्या राहून कोसळत होत्या. मी कयाक वळवली आणि धक्क्याच्या दिशेनं जीव तोडून वल्हवू लागले. किल्ल्याचा एक कोपरा मी नजरेत धरला होता. तो जवळ येत नव्हता, लांब जात होता. हात भरून आले, तोंडात खारं पाणी, आणि ओरडावं तर वाऱ्यात माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

तेव्हा तुमची होडी आली. दोर टाकून मला ओढत नेणं तुम्हाला सोपं होतं. तुम्ही तसं केलं नाहीत. होडी वाऱ्याच्या बाजूला घेतलीत, इंजिन मंद केलंत, लाटांचा मार तुमच्या होडीवर झेललात आणि ओरडलात, ‘पाण्यावांगडा झगडू नको गो, आडवी मार, आडवी!’ मी नदीकडे जायचं सोडलं आणि दक्षिणेला, केरीच्या सुरूंच्या रांगेकडे तोंड केलं. वारा आता पाठीवर आला. पन्नासेक वल्ह्यांत ओहोटीची ती धार सुटली आणि कयाक पुन्हा माझं ऐकू लागली. किनाऱ्यापर्यंत तुम्ही सोबत होता, पण आले मी माझ्या हातांनी. दोरानं ओढून आणली असतीत तर मी जिवंत परतले असते, पण पुन्हा कधी पाण्यात उतरले नसते. तुम्हाला हे कळलं होतं का, हे मी अजून विचारलेलं नाही.

त्या संध्याकाळी काकींनी पेज वाढली, सोबत सुक्या बांगड्याची किसमूर. तुम्ही भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यासमोर ठेवलंत. कानावरची बोथट पेन्सिल घेतलीत. ‘आज तिथी कोणती?’ प्रतिपदा. ‘तिची पाऊणपट कर.’ पाऊण. म्हणजे भरती पाऊण वाजता. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, त्याचा हा तोंडी हिशोब. मी पुढे छापील तक्त्याशी ताडून पाहिला. थोडं पुढेमागे होतं, पण फसवत नाही. पाऊण वाजता भरती, तर तीन-साडेतीनला ओहोटी ऐन जोरात, तीही उधाणाची. आणि त्याच वेळी वायव्येचा वारा भर दुपारचा. नदी बाहेर धावतेय, वारा आत लोटतोय, त्या दोघांच्या मध्ये लाट उभी राहते. सगळं कॅलेंडरावर लिहिलेलं होतं, मला वाचता येत नव्हतं.

त्यानंतरचं वर्ष तुम्ही मला शिकवलंत. पहाटे जमिनीवरून येणारा मतलई वारा कानामागे कसा गार लागतो, दहा-अकराच्या सुमारास तो पडतो, घडीभर पाणी तेलासारखं होतं आणि मग खारा वारा सुटतो. त्याआधी परत फिरायचं. मार्च-एप्रिलमध्ये हा वारा लवकर उठतो आणि दांडगाही होतो. मे महिन्यात आभाळ स्वच्छ असताना लांबून फुगारा, म्हणजे मोठ्या फुगलेल्या लाटा, येऊ लागला, तेव्हा तुम्ही माझी कयाक स्वतः उचलून मांडवात उलटी ठेवलीत. ‘आता दर्याचे दिवस, आपले नाय.’ १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते ते मला कायदा म्हणून ठाऊक होतं. मासळी त्या काळात अंडी घालते, हे जाळं विणत बसलेल्या तुमच्या शेजारी बसून कळलं.

पावसात मी सत्तरी तालुक्यात फिरले, म्हादईचं, म्हणजे वरच्या अंगाच्या मांडवीचं, तांबडं पाणी पाहिलं आणि तेच पाणी चार महिन्यांपूर्वी चोडणला माझ्या कयाकीखाली किती शांत होतं ते आठवलं. नारळी पौर्णिमेला तुम्ही मलाही एक नारळ दिलात दर्यात सोडायला. तो माझ्या हातातून सुटला आणि लाटेनं परत माझ्या पायाशी आणला. तुम्ही म्हणालात, थांब, ओहोटी लागू दे.

यंदाच्या थंडीत एका सकाळी मोरजीसमोर गादे, म्हणजे डॉल्फिन, दिसले. मी वल्हं मांडीवर आडवं ठेवून गप्प बसले, तुम्ही सांगितलं होतं तसंच. तीन पाठी, पाठोपाठ, आणि श्वास सोडल्याचा फुस्स आवाज अगदी हाताच्या अंतरावर. मी साडेदहाच्या आत किनाऱ्याला लागले, काका. वारा त्यानंतर सुटला.

माझ्यासारखे बरेच जण आता कयाक घेऊन पेडण्याच्या किनाऱ्यावर येतात. त्यांना माझं एवढंच कळकळीचं सांगणं आहे की पाण्यात उतरण्याआधी तिथल्या होडीवाल्याशी दोन शब्द बोला.

माघाची पौर्णिमा पुन्हा आली आहे. तिच्या दुसऱ्या दिवशी मी केरीला येते आहे, सकाळी, मतलईवर. काकींना सांगा, पेज त्यांनी करावी, किसमूर या खेपेस मी करून आणते.

तुमची,
डिचोलीची चेडू