जुन्या डिझेल पिकअपच्या ॲव्हरेजविषयी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

डिझेलच्या नळीवर आवळायच्या एका चुंबकी पट्टीची माहिती आपल्या अंकात अलीकडेच आली होती. ती बसवली आणि जुन्या गाडीचं ॲव्हरेज वीस टक्क्यांनी वाढलं, असं एका गाडीमालकाचं म्हणणं त्यात दिलं होतं. वाचल्यावर मी माझी वही काढून बसले. जुन्या गाडीवर पोट असलेली अनेक माणसं आपलं वर्तमानपत्र वाचतात, म्हणून त्या वहीतलं थोडं इथे लिहिते.

माझी रोपवाटिका आहे. रोपं पोचवायला अडीच लिटर डिझेल इंजिनाची, तेवीस वर्षांची पिकअप आहे आणि ती मी स्वतः चालवते. आधी वडील चालवायचे. टाकी फुल केली की किती किलोमीटर झाले आणि किती लिटर बसलं, हे ते पहिल्या दिवसापासून लिहायचे. त्यांच्या नोंदींत गाडी बारा-साडेबाराचं ॲव्हरेज द्यायची. माझ्याकडे आली तेव्हा ९.३ वर होती. गाडी म्हातारी झाली, काढून टाक, असं ज्याने त्याने सांगितलं. मी आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजून घेतलं. चारही सिलिंडर जवळपास सारखे आणि मर्यादेत निघाले. इंजिन थकलेलं नव्हतं, मग डिझेल जात होतं कुठे?

पहिलं उत्तर तापमानाच्या काट्यात होतं. तो पाव भागाच्या वर कधी चढायचाच नाही, आणि गाडी तापत नाही याचं आम्हाला समाधान होतं. एका वयस्कर मेस्त्रींनी रेडिएटरचा वरचा होजपाइप सोडवून आत बोट घातलं आणि म्हणाले, "ताई, यात थर्मोस्टॅटच नाही." थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. काही वर्षांपूर्वी गाडी गरम होत होती, तेव्हा एका गॅरेजमध्ये तो काढून टाकला होता. खरा दोष रेडिएटर चोंदल्याचा होता. थर्मोस्टॅट काढल्यावर पाणी सतत फिरत राहिलं, काटा खाली आला आणि दुखणं झाकलं गेलं. हे कितीतरी गाड्यांमध्ये केलेलं असतं आणि मालकाला पत्ताही नसतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेट घेतं. रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाची १८९७ मध्ये ऑग्सबर्गला चाचणी झाली. त्यात इंधनातली सुमारे २६ टक्के उष्णता कामाला आली होती आणि तेव्हाच्या वाफेच्या इंजिनांना ते जमत नव्हतं. ज्या यंत्राचा सगळा भरवसा उष्णतेवर, त्याच्या भिंती थंड ठेवल्या तर ज्वलन अर्धवट राहतं, ऑइल घट्ट राहून घर्षण वाढतं आणि सिलिंडरच्या लायनरची झीजही लवकर होते. मी रेडिएटर उघडून साफ करून घेतला आणि ८२ अंशांना उघडणारा नवा थर्मोस्टॅट बसवला. काटा मध्याच्या जरा खाली येऊन स्थिरावला. पुढच्या चार टाक्यांची सरासरी ९.९ आली.

दुसरं उत्तर हाताला लागलं. तीसेक किलोमीटर जाऊन आल्यावर, शेवटी ब्रेक फारसा न मारता गाडी थांबवायची आणि चारही चाकांच्या हबजवळ हात न्यायचा. मागचं डावं चाक इतकं तापलेलं होतं की हात जवळ धरवेना. हँडब्रेकची केबल गंजून आत अडकली होती आणि ब्रेकचा लायनर ड्रमला सतत घासत होता. पुढच्या एका चाकाच्या कॅलिपरची, म्हणजे ब्रेकची डिस्क पकडणाऱ्या भागाची, पिनही जाम होती. म्हणजे इंजिन रोज ब्रेक लावलेली गाडी ओढत होतं. केबल बदलली, पिना साफ करून ग्रीस लावलं, ड्रम ॲडजस्ट केले. सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये एका हाताने ढकलल्यावर गाडी हलली, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ॲव्हरेज १०.९ झालं. एवढी मोठी उडी वहीत दुसऱ्या कुठल्याही दुरुस्तीने दिसलेली नाही.

चाकातल्या हवेबद्दल सगळेच सांगतात, म्हणून थोडक्यात लिहिते. टायर थंड असताना हवा बघायची, आणि आकडा दाराच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात दिलेला घ्यायचा. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीसाठी मागच्या चाकांचे आकडे वेगळे असतात. टायरच्या कडेवर हात फिरवताना एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर अलाइनमेंट बिघडलेली असते. आणखी एक गोष्ट फसवते. मूळ मापापेक्षा मोठे टायर टाकले की किलोमीटरचा काटा प्रत्यक्षापेक्षा कमी अंतर दाखवतो आणि ॲव्हरेज उगाच पडल्यासारखं वाटतं.

मग धुराकडे वळले. चढावर भरलेली गाडी काळा धूर ओकायची. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल, आपण पैसे मोजून घेतलेलं आणि मागून येणाऱ्याच्या छातीत जाणारं. एअर फिल्टर बदलला, टर्बोच्या होजला क्लिपखाली बारीक चीर होती ती काढली, धूर निम्मा झाला. तरी उरलाच. मला एकाने सुचवलं, इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाचा स्क्रू कमी करून घ्या. माझ्या गाडीच्या जुन्या यांत्रिक पंपात तो स्क्रू पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर जास्तीत जास्त किती डिझेल जाईल एवढंच ठरवतो. अर्ध्या ॲक्सिलरेटरवर चालणाऱ्या गाडीला त्याने काही फायदा नाही, उलट चढावर ओढ कमी होते आणि आपण खालच्या गिअरमध्ये अडकतो. मी स्क्रूला हात लावू दिला नाही. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल काढून टेस्टरवर लावले तेव्हा दोन नोझल धुक्यासारखा फवारा मारत होते आणि दोन चक्क थेंब गाळत होते. चारही नोझल टिप बदलून प्रेशर सारखं करून घेतलं, खालचे तांब्याचे वॉशर नवे टाकले आणि पंपाचं टायमिंग, म्हणजे डिझेल नेमकं कधी फवारलं जातं ते, तपासून घेतलं. टायमिंग मागे पडलं असेल तर डिझेल उशिरा जळतं आणि त्याची उष्णता सायलेन्सरवाटे निघून जाते. उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या रिटर्नच्या बारीक रबरी नळ्याही बघाव्यात. त्यांच्यावर ओली धूळ चिकटलेली दिसली की डिझेल झिरपतंय असं समजावं.

इतकं झाल्यावर ॲव्हरेज ११.७ होतं. पुढचं काम माझ्या उजव्या पायाचं होतं. मोकळ्या रस्त्यावर मी नव्वदने जायचे, आता पंचाहत्तरच्या वर जात नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे नव्वदऐवजी पंचाहत्तरला तो जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होतो. साठ किलोमीटरला आठ मिनिटं जास्त लागतात, बस. माझ्या मालाचा तर स्वभावच हवेत मान काढायचा. केबिनच्या वर आलेले शेंडे म्हणजे रस्ताभर उलटं धरलेलं शीड. आता उंच रोपं आडवी, एकावर एक तिरकी लावते आणि ताडपत्री ताणून बांधते. रोपंही वाऱ्याने कमी सुकतात. परतताना हौदा रिकामा असला तरी मागचा फाळका लावूनच ठेवते. फाळका पाडला की हवेला वाट मिळते असं पुष्कळांना वाटतं, पण बंद हौद्यात हवेचा भोवरा फिरत राहतो आणि वरची हवा त्याच्यावरून सरकून जाते. फाळका उघडल्याने सहसा काही मिळत नाही.

एका सवयीबद्दल मात्र मला कळकळीने लिहायचं आहे. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणं, काही जणांचं तर इंजिनच बंद करणं. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की पंपातला गव्हर्नर, म्हणजे डिझेल किती जावं हे ठरवणारा भाग, डिझेल तोडतो आणि चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल द्यावं लागतं. म्हणजे बचत तर नाहीच, वर सगळा भार ब्रेकवर येऊन ड्रम तापतात आणि ब्रेक लागेनासे होतात. इंजिन बंद केलं तर व्हॅक्यूम पंप थांबतो. दोन-तीनदा पेडल दाबलं की त्या पंपावर चालणारा, ब्रेकला जोर देणारा बूस्टर रिकामा होतो, आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. कृपा करून हे कोणी करू नये. डिझेलमध्ये रॉकेल मिसळणंही तसंच. त्यात वंगणाचा गुण कमी असतो आणि डिझेलच्याच वंगणावर फिरणारा पंप आतून खरवडला जातो.

आता त्या चुंबकाकडे येते. डिझेल चुंबकाला ओढलं जात नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवणारी म्हणवणारी शंभराहून अधिक उपकरणं तपासली आहेत. मोजक्यांचाच काही उपयोग दिसला आणि तोही किरकोळ होता. पण त्या गाडीमालकांना मी खोटं ठरवत नाही. एका टाकीवर कोणालाही असं वाटू शकतं. पंपावर गाडी जरा तिरकी उभी असली किंवा फेस आला म्हणून पंपाचा नोझल लवकर बंद झाला, तर चाळीस लिटरमागे दोन लिटरचा फरक सहज पडतो, म्हणजे तिथेच पाच टक्के. त्यात नवी वस्तू बसवली की माणूस आठवडाभर पाय हलका ठेवतो. म्हणून एक बदल केल्यावर किमान चार टाक्या, शक्य तर त्याच पंपावर त्याच बाजूला गाडी लावून, त्याच रस्त्यांवर मोजायच्या, आणि तोवर दुसरं काही बदलायचं नाही. मला हे सगळं करायला चौदा महिने लागले.

माझी विनंती एवढीच, की अशा उपकरणाची माहिती छापण्याआधी किती टाक्यांवर मोजलं आणि त्याच वेळी आणखी काय बदललं, हे आपल्या वार्ताहराने विचारावं. आणि त्याच जागेत कधीतरी थर्मोस्टॅट, अडकलेला ब्रेक, गळका नोझल यांविषयी एखाद्या अनुभवी मेस्त्रीकडून लिहून घ्यावं. माझी गाडी वर्षाला पंधरा हजार किलोमीटर चालते. ९.३ वरून १२.४ वर आल्याने वर्षाला सुमारे चारशे लिटर डिझेल वाचतं. एक लिटर डिझेल जळून साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे एक टनाहून जास्त तो हवेत गेला नाही. हे एका पिकअपचं झालं, आणि तीही लोक भंगारात काढायला सांगत होते.

वहीची पानं हवी असतील तर झेरॉक्स पाठवीन. परवाची नोंद अशी आहे : ४१८ किलोमीटर, ३३.६ लिटर, जाताना गाडी भरलेली, येताना रिकामी.

आपली नम्र,
रोपवाटिका चालवणारी एक वाचक