झाकणावरचा डोडो

चि. मिहीर,
अनेक आशीर्वाद.

तू म्युझियमच्या दुकानातून पाठवलेलं हजार तुकड्यांचं कोडं पोचलं आणि आमचं डायनिंग टेबल डोडोच्या, म्हणजे त्या नामशेष झालेल्या पक्ष्याच्या, मालकीचं झालं. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. कडेचे तुकडे बाबांनी एका बैठकीत लावले, पोपट मी उरकले. अडलंय ते डोडोच्या अंगाशी. सगळं राखाडी-तपकिरी, कुठलं पीस कुठलं कळायची सोय नाही. बाबा झाकण हातातून सोडत नाहीत. "चित्रात इथे पोट आहे, म्हणजे हा पोटाचाच," असं म्हणून न बसणारा तुकडासुद्धा अंगठ्याने दाबून बसवायला बघतात.

ते पाहून मला एकोणिसाव्या शतकातला शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन आठवला. हसू नकोस, खरंच आठवला.

हे मूळ चित्र रोलांट सेव्हरीचं, 1626 च्या सुमाराचं. पुढे ते जॉर्ज एडवर्ड्स या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाकडे आलं आणि त्याने 1759 मध्ये ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकलं. तेव्हा डोडो जाऊन शतक होत आलं होतं. डच खलाशी मॉरिशसवर उतरले 1598 मध्ये, आणि डोडो दिसल्याची शेवटची नोंद साधारणपणे 1662 ची मानतात. खलाशांनी खाऊन संपवला असं सरसकट म्हणतात. खाल्ला असेलच, पण खरा घात केला तो जहाजांतून आलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी. घरटं जमिनीवर, अंडं बहुधा एकच, मग काय उरणार?

पक्षी गेला, चित्रं राहिली. पुढे 1865 मध्ये मॉरिशसच्या माएबूर गावातल्या जॉर्ज क्लार्क नावाच्या शाळामास्तराला 'मार ओ सोंज' या दलदलीचा सुगावा लागला. कितीतरी वर्षं तो डोडोची हाडं शोधत होता. त्याने मजुरांना तीन फूट पाण्यात उतरवलं. ते अनवाणी पायांनी गाळ चाचपत हाडं शोधायचे. जीवशास्त्राच्या पुस्तकांत क्लार्कचं नाव येतं, ओवेनचं तर येतंच. ज्यांच्या तळपायांना डोडो सापडला त्यांचं एकाचंही येत नाही. त्या काळात मुंबई बंदरातून आपल्या कोकणातली माणसंही तिथल्या ऊसमळ्यांवर मजुरीला जात होती. तिथे अजून मराठी घरं आहेत. देशाच्या राजचिन्हावर डोडोही आहे.

हाडं लंडनला ओवेनकडे गेली. तो त्या काळचा शरीररचनेचा बादशहा, एका हाडावरून अख्खा प्राणी सांगणारा. पण या वेळी त्याने काय केलं, तर सेव्हरीच्या चित्राची बाह्यरेषा घेतली आणि सांगाडा तिच्या आत मांडला! 1866 मध्ये छापून आलेला त्याचा डोडो म्हणूनच बुटका, बसका आणि थुलथुलीत दिसतो. हाडं पुढ्यात होती, तरी भरवसा झाकणावर. पुढे 1872 मध्ये त्यानेच सांगाडा सुधारून मांडला, आणि पक्षी ताठ उभा राहिला, अंगाने सडसडीत झाला. पण तोवर जाड्या डोडो लोकांच्या डोळ्यांत बसला होता. तुझ्या खोक्यावरही तोच आहे.

दुसरं चित्रही होतं की. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने सुरतेला दोन डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलंय. त्याच सुमाराचं एक मुघल चित्र सेंट पीटर्सबर्गला आहे, ते जहांगीरच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरचं मानतात. त्यातला डोडो तपकिरी आणि बराच सडपातळ आहे. चित्रकाराने बहुधा जिवंत पक्षी समोर ठेवून काढलेला. ओवेनला ते ठाऊक असणं शक्य नव्हतं, जगापुढे ते विसाव्या शतकात आलं.

परवा फोनवर तू म्हणालास की तुझ्या प्रोजेक्टचे आकडे गाईडच्या आकृतीत बसत नाहीत, म्हणून चार रीडिंग वगळावी म्हणतोस. वगळू नकोस. ती चार वेगळी मांड, जशी आली तशी, आणि गाईडना दाखव. ते रागावले तर रागावू देत, त्यांचंही काम आहे ते. तू मात्र अंगठ्याने दाबायला जाऊ नकोस.

अजून एक गंमत. ऑक्सफर्डच्या म्युझियममध्ये डोडोचं एक वाळलेलं डोकं आहे, कातडीसकट टिकलेलं. 2018 मध्ये त्याचं स्कॅन केलं तर कवटीच्या मागच्या बाजूला शिशाचे छरे निघाले. त्याला गोळी घातली असेल असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. आणि 2002 च्या डीएनए तपासणीत त्याचा सगळ्यात जवळचा हयात नातलग ठरला तो आपल्या निकोबारचा पारवा. बाबांचा अजून विश्वास बसत नाही. "कबूतर? हे?" म्हणून झाकणाकडे बोट दाखवतात.

मन्सूरच्या डोडोचं कोडं कुठे मिळालं तर घेऊन ठेव. पण टपालाने पाठवू नकोस, येताना बॅगेत आण. या खोक्यावर किती ड्युटी भरली ते बाबांनी मला सांगितलेलं नाही, मीही विचारलेलं नाही.

जेवत जा वेळेवर.

तुझी,
आई