मलप्रभेकाठून शरावतीपर्यंत

खानापूर, मे अखेर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. फोनवर हे सगळं सांगून होणार नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय. मी आणि ही, दोघंच, गाडी काढून कारवारपासून मुरुडेश्वरापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानं जाऊन आलो. आपण बेळगाव-खानापूरची माणसं समुद्र म्हटला की चोर्ला उतरून गोव्यात जातो, नाहीतर आंबोलीतून सावंतवाडीकडं. अणशी घाटाखालचा किनारा इतका जवळ असून आपण तिकडं फिरकत नाही, ह्याचं मला आता खरंच वाईट वाटतंय.

ही इतकी वर्षं शाळेत भूगोल शिकवत होती, तुला ठाऊकच आहे. निघतानाच तिनं सांगितलं, जिथं नदी समुद्राला मिळते तिथं गाडी थांबवायची, बाकी जमेल तसं. आपली मलप्रभा कणकुंबीत उगवते आणि एवढ्या जवळचा समुद्र सोडून पूर्वेची वाट धरते. त्यामुळं पश्चिमेला उतरणाऱ्या नद्या हिला डोळ्यांनी बघायच्या होत्या.

पहिली नदी काळी. रामनगर, गणेशगुडी, जोयडा असा रस्ता धरला. मित्रा, गणेशगुडीला धरणाजवळ आल्यावर तुझ्या आईची आठवण आली. काकूंचं माहेर, सुपा गाव, ह्याच पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यानं पाणी उतरलं होतं, काठाची तांबडी माती उघडी पडली होती, आणि सुपा नेमकं कुठल्या अंगाला होतं हे सांगणारं तिथं कुणी भेटलं नाही. रामनगरात मात्र चहाच्या टपरीवरचे एक आजोबा सुप्याहून उठून आलेल्यांपैकी निघाले. गाव म्हटल्यावर अजून ते सुपाच म्हणतात. धरणाची वीज सगळ्या राज्याला मिळाली, पण ज्यांचं गाव गेलं त्यांचं नाव किती लोकांना माहीत आहे? काकूंना त्यांच्या घराविषयी, देवळाविषयी, बाजाराच्या दिवसाविषयी विचारून लिहून ठेव. हे काम पुढं ढकलू नकोस.

घाट उतरून सदाशिवगडाशी आलो की काळी केवढी रुंद होते! कारवारात जायचं तर ती ओलांडावीच लागते. तिथला जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोसळला, ट्रक नदीत गेला, पण ड्रायव्हरला जिवंत बाहेर काढलं. तरुण रवींद्रनाथ टागोर इथं राहिले होते, त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ तेव्हा कारवारला जिल्हा न्यायाधीश होते. चांदण्या रात्री होडीतून रवींद्रनाथ काळीवर फिरून आले होते. शहरातल्या समुद्रकिनाऱ्याला त्यांचंच नाव आहे.

जेवलो एका जुन्या खानावळीत. उकड्या तांदळाचा भात, तेफळं घातलेलं बांगड्याचं हुमण, रवा लावून तळलेली लेपी. मालक घरच्यांशी कोंकणीत, गिऱ्हाइकांशी कन्नडमध्ये आणि आमच्याशी मराठीत बोलत होते. त्यांची शाळा मराठी होती म्हणाले. १९५६ पर्यंत कारवार काय, बेळगाव काय, सगळं मुंबई राज्यातच होतं की. त्यांनी हिला आग्रहानं आणखी एक वाटी सोलकढी वाढली आणि पैसे घेतले नाहीत.

दुसरी गंगावळी. ही धारवाडजवळ उगवते, तिकडं तिला बेडती म्हणतात. अंकोल्याच्या पुढं शिरूरला १६ जुलै २०२४ च्या सकाळी डोंगराचा कडा हायवेवर आणि नदीत उतरला, रस्त्याकडेची चहाची टपरी आणि तिथं थांबलेल्या गाड्या घेऊन. एक लॉरी सप्टेंबरात नदीच्या तळातून निघाली. आम्ही गाडी बाजूला घेतली. उभा कापलेला डोंगर बघून ही काही बोलेना. चौपदरी रस्ता मला आवडतो, वेळ वाचतो, पण घाटाच्या पायथ्याला एवढ्या पावसात डोंगर असा उभा कापू नये, हे मला आता पक्कं वाटतं. त्याच अंकोल्यात १९३० साली लोकांनी मिठाचा सत्याग्रह केला होता, आणि हालक्की समाजातल्या तुळशी गौडा आणि सुक्री बोम्मागौडा ह्याच तालुक्यातल्या. एकीनं झाडं जगवली, दुसरीनं गाणी. दोघीही आता नाहीत.

गोकर्णात महाबळेश्वराचं दर्शन घेतलं. ओम बीचवर गर्दी फार, थांबलो नाही.

आणि मग अघनाशिनी. ह्या नदीवर एकही मोठं धरण नाही. शिरसीकडून निघालेलं पाणी जसंच्या तसं समुद्राला पोचतं, आणि त्याचा फरक खाडीत दिसतो. ओहोटीला बायका-पुरुष कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून पायानं, हातानं चाचपत शिंपल्या काढत होते. वरच्या अंगाला सानिकट्ट्याची मिठागरं. जवळच्या खारट जमिनीत पावसाळ्यात कग्गा नावाचा भात होतो, खाऱ्या पाण्यातही तग धरणारा. धरण नसलं की नदी किती जणांना पोसते, ते सुपा बघून आल्यावर जास्तच जाणवलं. ही काठावर बसून राहिली, मला म्हणाली, मुलांना हे मी फळ्यावर काढून दाखवत होते, एकदा तरी इथं आणायला हवं होतं.

कुमठ्याच्या अलीकडं-पलीकडं हायवेला अळवेकोडीच्या गोड कांद्याच्या वेण्या टांगलेल्या असतात. वेणी घेताना नीट हाताळून बघायची, पातीशी ओलसर असेल तर ती टिकत नाही, हे विकणाऱ्या मावशींनीच सांगितलं. तिथंच तोडदेव मिळाले. उसाचा रस आणि तांदळाचं पीठ तापल्या उपड्या मडक्यावर पातळ सारवून करतात, अगदी आपल्या मांड्यांच्या खापरीची आठवण व्हावी. मिरजानचा जांभ्या दगडाचा किल्ला बघितला. गेरुसोप्प्याच्या चेन्नभैरादेवीचा, जिला पोर्तुगीज मिऱ्यांची राणी म्हणत.

होन्नावरला शरावती, जोगवरून उडी घेऊन आलेली. तिच्यावरचा कोकण रेल्वेचा पूल दोन किलोमीटरहून लांब आहे. मुरुडेश्वरात शंकराची १२३ फुटी मूर्ती लांबूनच बघून परतलो.

आता तुझं सांग. पाऊस संपल्यावर, दिवाळीनंतर, तू, वहिनी आणि काकू इथं या. आपली गाडी मोठी आहे, काकूंना पुढं बसवू. पहिला मुक्काम जोयड्यालाच करू, म्हणजे सकाळच्या उजेडात त्यांना सुप्याचं पाणी दाखवता येईल, पुढचा किनारा मग सावकाश. कांद्याची एक वेणी तुमच्यासाठी काढून ठेवलीय. पुढच्या आठवड्यात आमचा भाचा पुण्याला येतोय, त्याच्याजवळ देतो. तारीख मात्र लवकर कळव, मला रजेचं बघावं लागेल.

काकूंना साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
खानापूरचा मित्र